एका स्विचमध्ये अनेक राउटर : व्हीआरएफची पार्श्वभूमी

सिस्कोच्या नेक्सस स्विचवर लॉगिन करून साधा पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे पाहणारा संदेश) मारला आणि मॅनेजमेंट पोर्टाकडचा सर्व्हर उत्तर देईना, की पहिला संशय केबलवर जातो. केबल बहुधा ठीक असते. पिंग दुसऱ्याच रूटिंग टेबलातून, म्हणजे पॅकेट कुठे धाडायचं याच्या दुसऱ्याच यादीतून, गेलेला असतो. कमांडच्या शेवटी ‘व्हीआरएफ मॅनेजमेंट’ जोडलं की उत्तर येतं. एकाच स्विचमध्ये एकमेकांना न दिसणारी ही टेबलं म्हणजेच व्हीआरएफ (व्हर्च्युअल राउटिंग अँड फॉरवर्डिंग). ती मुळात डेटा सेंटरसाठी बनलेलीच नव्हती. ती टेलिकॉम कंपन्यांकडून आली.

फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ प्रसिद्ध झाला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज.) १० ने सुरू होणारे किंवा १९२.१६८ चे पत्ते आपल्या खासगी नेटवर्कमध्ये कुणालाही न विचारता वापरा, अशी मुभा त्याने दिली. पत्त्यांची टंचाई सुसह्य झाली, पण दोन कंपन्यांकडे तेच पत्ते असणं नेहमीचं झालं. दोघींच्या शाखा जोडून देणाऱ्या सेवा कंपनीच्या राउटरवर १०.१.१.० दोनदा आलं, तर पॅकेट कुणाकडे धाडायचं?

तोड निघाली मार्च १९९९ च्या आरएफसी २५४७ मध्ये. लेखक सिस्कोचे एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्तर. गंमत अशी, की आरएफसी १९१८ च्या लेखकांतही पहिलं नाव रेख्तर यांचंच आहे! प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र टेबल द्यायचं आणि इंटरफेस त्या टेबलाला बांधायचा, ही मूळ कल्पना. राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या बीजीपी प्रोटोकॉलमधून मार्ग पाठवताना पत्त्यापुढे ८ बाइटचा रूट डिस्टिंग्विशर (वेगळेपणाची खूण) लावायचा. एकाच नावाची दोन गावं पिनकोडने ओळखावीत तसं. मार्ग कोणत्या टेबलात उतरणार हे मात्र मार्गासोबत जाणारी दुसरी खूण, रूट टार्गेट, ठरवते. या दोहोंची गल्लत आजही सर्रास होते, आणि दोन्हींना एकच आकडा देण्याची सवय त्याला खतपाणी घालते.

पुढे एमपीएलएस (टेलिकॉम कंपन्यांची पॅकेटवर लेबल लावून ती नेण्याची पद्धत) वगळून नुसती टेबलं वापरणारी ‘व्हीआरएफ लाइट’ पद्धत आली. व्हीलॅनने (एकाच स्विचचे आभासी भाग पाडून) दुसऱ्या, म्हणजे स्विचिंगच्या, थरावर वेगळं केलेलं नेटवर्क राउटिंगच्या थरावर पुन्हा एक होत होतं. ते या पद्धतीने थांबलं. २००८ च्या नेक्सस ७००० पासून नेक्ससच्या एनएक्स-ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘डिफॉल्ट’ आणि ‘मॅनेजमेंट’ ही दोन टेबलं आधीपासूनच असतात. सुरुवातीला जाच वाटला, तरी निर्णय शहाणपणाचा: डेटाच्या मार्गांत गोंधळ झाला तरी स्विचपर्यंत पोहोचण्याची वाट शाबूत राहते. २०१५ मध्ये क्यूम्युलस या नेटवर्क सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्यांनी व्हीआरएफ लिनक्स कर्नलमध्येही आणला. आणि व्हीएक्सलॅनवर (आयपी नेटवर्कवरून व्हीलॅन पसरवण्याची पद्धत) ईव्हीपीएन (त्यासाठीचे पत्ते आणि मार्ग बीजीपीतून कळवण्याची पद्धत) चालू लागल्यावर ते जुने डिस्टिंग्विशर आणि टार्गेट डेटा सेंटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये येऊन बसले.

इंटरफेस टेबलाला बांधणारी ‘व्हीआरएफ मेंबर’ कमांड देताच इंटरफेसवरचा आयपी पुसला जातो, याचं कारणही इथेच सापडतं. पत्ता टेबलाच्या मालकीचा. टेबल बदललं की तो गेला. म्हणून आधी व्हीआरएफ, मग आयपी. तपासताना ‘शो व्हीआरएफ इंटरफेस’ने बांधणी बघावी, ‘शो आयपी रूट व्हीआरएफ’ने मार्ग. पिंगला उत्तर आलं एवढ्यावर मात्र विसंबू नये. तोच पत्ता दोन टेबलांत असेल, तर इंटरफेस चुकीच्या व्हीआरएफमध्ये पडूनही कुणीतरी उत्तर देतंच. कोणत्या आयपीमागे कोणतं यंत्र आहे हे दाखवणाऱ्या ‘शो आयपी एआरपी व्हीआरएफ’मध्ये मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) जुळवला, की उत्तर देणारं यंत्र नेमकं कुणाचं ते कळतं.