श्विमर, रोझिका

श्विमर, रोझिका : (११ सप्टेंबर १८७७ – ३ ऑगस्ट १९४८). हंगेरियन स्त्री-हक्क कार्यकर्त्या, शांततावादी आणि आधुनिक काळातील पहिल्या महिला राजनैतिक प्रतिनिधींपैकी एक. जन्म बुडापेस्ट येथे, ज्यू कुटुंबात. काही काळ त्यांनी हिशेबनीस म्हणून नोकरी केली. १९०४ मध्ये विल्मा ग्ल्यूक्लिख यांच्यासह त्यांनी हंगेरीतील स्त्रीवादी संघटना उभारली.

१९१४ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघटनेच्या प्रसिद्धीचे काम पाहण्यासाठी लंडनला आल्या आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटनच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरलेल्या श्विमर यांनी अमेरिका गाठली आणि तटस्थ राष्ट्रांनी मध्यस्थी करावी अशी विनंती राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना केली. १९१५ च्या हेग येथील महिला परिषदेत, ठराव नुसते टपालाने न पाठवता ते घेऊन महिलांनी स्वतः युद्धमान आणि तटस्थ देशांच्या राजधान्यांत जावे, ही सूचना त्यांचीच. मतदानाचा हक्कही नसलेल्या या स्त्रियांनी पंतप्रधान-परराष्ट्रमंत्र्यांची दारे खरोखरच ठोठावली.

त्याच वर्षी त्यांनी मध्यस्थीच्या या प्रयत्नाला साहाय्य करण्यासाठी अमेरिकन मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड यांचे मन वळवले. ४ डिसेंबर १९१५ रोजी ‘ऑस्कर दुसरा’ हे ‘शांतता जहाज’ युरोपकडे निघाले. मंत्र्यांच्या भेटीगाठींची कागदपत्रे असलेली काळी बॅग श्विमर कधी हातातून सोडत नसत. बोटीवरच्या वार्ताहरांनी या बॅगेची आणि एकूण मोहिमेचीच टर उडवली. नॉर्वेला पोहोचताच फोर्ड आजारी पडून परतले. तरीही १९१६ मध्ये स्टॉकहोम येथे तटस्थ देशांची अनौपचारिक मध्यस्थी परिषद भरली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये हंगेरीतील मिहाय कारोयी यांच्या नव्या सरकारने त्यांना स्वित्झर्लंडमध्ये हंगेरीच्या दूत म्हणून नेमले. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार देण्यास १९७१ साल उजाडलेल्या या देशाला स्त्री दूत रुचली नाही, आणि काही महिन्यांतच हे पद संपले. पुढे मिक्लोश होर्थी यांच्या उजव्या विचारसरणीच्या राजवटीत मायदेशी राहणे धोक्याचे झाल्याने त्या व्हिएन्नामार्गे अमेरिकेत गेल्या.

अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जात बाविसावा प्रश्न होता : गरज पडल्यास देशाच्या रक्षणासाठी शस्त्र हाती घ्याल का? त्या वेळी श्विमर पन्नाशीला टेकल्या होत्या. त्या वयाच्या स्त्रीला सैन्यात कोणी बोलावणार नव्हते. नुसते ‘हो’ लिहिले असते तर प्रश्न मिटला असता. त्यांनी ‘स्वतः शस्त्र घेणार नाही’ असे उत्तर दिले. आपल्याला राष्ट्रवादाची भावना नाही, आपण साऱ्या मानव-कुटुंबाच्या आहोत, असेही त्या म्हणाल्या. २७ मे १९२९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांना नागरिकत्व नाकारले. न्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचे भिन्नमतपत्र मात्र निकालापेक्षा जास्त टिकले. विचारस्वातंत्र्य म्हणजे आपल्याला पटणाऱ्या विचारांचे नव्हे, तर ज्यांचा आपल्याला तिटकारा वाटतो अशा विचारांचेही स्वातंत्र्य, असे त्यांनी लिहिले. १९४६ मध्ये नागरिकत्वाच्याच गिरुआर्ड खटल्यात न्यायालयाने हा निकाल मोडीत काढला.

१९३७ पासून अमेरिकन शांततावादी लोला मॅव्हरिक लॉइड यांच्यासह त्यांनी जागतिक संघराज्याचा प्रचार केला. १९४८ च्या शांतता नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. गांधीजींची हत्या झाली त्या वर्षी हे पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. न्यूयॉर्क येथे निधन झाले तेव्हा श्विमर कोणत्याही देशाच्या नागरिक नव्हत्या.