ट्रेलर मागे घेताना बाहेर कोण उभं राहणार?

कॅम्पिंग ट्रेलर भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ट्रेलर पुढे ओढत नेणं फारसं कुणाला अवघड जात नाही. मुलुंडच्या आमच्या यार्डातून निघालेली माणसं कसारा घाट चढून भंडारदऱ्याला बिनघोर पोहोचतात. फोन येतो तो त्यानंतर. "पोहोचलो, पण ट्रेलर काही जागेवर जात नाहीये." आणि फोनवरच्या माणसामागून दुसरा आवाज येत असतो : "अरे, मी डावीकडेच सांगत होते!"

हा फोन आम्हाला इतक्या वेळा आला आहे की पुढचं संभाषण पाठ झालंय. म्हणून हे पत्रक. गाडी तुम्हाला चालवता येते, पार्किंगही जमतं, हे धरूनच लिहितोय. हे पत्रक गाडीत बसणाऱ्यापेक्षा बाहेर उभं राहणाऱ्यासाठी जास्त आहे. तेव्हा घरी गेल्यावर त्यांच्या हातात द्या.

आधी एक गोष्ट मान्य करू. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं, आणि उजवीकडे फिरवलं की डावीकडे. हे सगळ्यांना माहीत असतं, निदान आम्ही सांगितल्यावर सगळे मान हलवतात. घोटाळा इथे नाही. घोटाळा होतो तो बाहेरचा माणूस "डावीकडे घे" म्हणतो तेव्हा.

कोणाचं डावं? ट्रेलरच्या मागे गाडीकडे तोंड करून उभं राहिलात, तर तुमची आणि चालवणाऱ्याची तोंडं एकाच दिशेला असतात, डावं एकच. पण तुम्ही पुढे येऊन गाडीच्या नाकासमोर उभे राहिलात की तुमचं डावं ते त्याचं उजवं. बरं, डावीकडे घ्यायचं ते काय? स्टिअरिंग की शेपूट? एकाच शब्दाचे असे चार अर्थ होतात. त्यातली खरी गंमत अशी की दोन चुका एकमेकींना छेदतात आणि कधीकधी ट्रेलर बरोबर जागी जाऊन बसतो. मग दोघांनाही वाटतं, आपल्याला जमतंय. पुढच्या वेळी त्याच शब्दांवर ट्रेलर शेजारच्याच्या तंबूच्या दोरीत शिरतो.

म्हणून आमचा एकच नियम. बाहेरच्याने स्टिअरिंगबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शेपूट कुठे न्यायचंय तेवढंच सांगायचं, आणि तेही डावं-उजवं न म्हणता, समोर दिसणाऱ्या वस्तूचं नाव घेऊन. "शेपूट आंब्याकडे." "शेपूट नळाकडे." "आता सरळ, तळ्याकडे." आंबा दोघांसाठी एकाच ठिकाणी असतो. शेपूट आंब्याकडे जाण्यासाठी स्टिअरिंग कुठे फिरवायचं, हा आत बसलेल्याचा प्रश्न. त्यात बाहेरच्याने पडू नये. ज्याला स्वतःला उत्तम गाडी चालवता येते, त्याला बाहेर उभं राहून हे पाळणं सगळ्यात जड जातं, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा शब्द "येऊ दे". आपल्याकडे गाडी मागे घेताना "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणायची पद्धत आहे, आणि ती टेम्पोला ठीक आहे. पण त्यातून किती जागा उरली ते कळत नाही. शेवटचं "येऊ दे" आणि "अरे बस!" यांच्यात अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात टेल लाइट फुटतो. त्याऐवजी अंतर सांगा : "दहा फूट… पाच… दोन… थांब." आकडे येणं बंद झालं, तर चालवणाऱ्याने थांबायचं.

याबाबतीत आम्हाला शहाणं केलं ते एका गिऱ्हाइकाच्या वडिलांनी. काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पहिल्यांदाच ट्रेलर नेत होता आणि काका सोबत होते. यार्डात सरावाला आम्ही शंकू मांडले, तर काकांनी खिशातून शिट्टी काढली. मुलाला म्हणाले, "एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. बाकी माझ्या हाताकडे बघ." बसची घंटी मुंबईत वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही : एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. मुलाने पहिल्या फटक्यात ट्रेलर दोन शंकूंच्या मध्ये लावला. आमच्या माणसांनाही रोज ते साधत नाही. तेव्हापासून प्रत्येक ट्रेलरच्या सामानात आम्ही एक शिट्टी देतो. तिचं वेगळं भाडं नाही. हरवलीत तरी डिपॉझिटमधून कापत नाही.

फोन स्पीकरवर ठेवूनही काम होतं, रात्री तर बरंच सोपं जातं. पण घाटमाथ्यावर नेटवर्क ऐन वेळी दगा देतं, आणि चालवणारा तुटलेल्या फोनवरच्या शांततेला "येऊ दे" समजतो. शिट्टी बरी.

उभं कुठे राहायचं? ट्रेलरच्या बरोबर मागे, मधोमध, अजिबात नाही. तिथून तुम्हाला सगळं दिसतं, पण तुम्ही कुणालाच दिसत नाही. आपल्या गाडीत चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणून ट्रेलरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यापासून दहा-बारा फूट बाजूला उभे राहा. चालवणाऱ्याच्या उजव्या आरशात तुमचा चेहरा दिसला पाहिजे. तुम्हाला आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. डावा कोपरा बघायचा असेल तर आधी शिट्टी मारून गाडी थांबवा, चालत पलीकडे जा, बघा, परत या. ट्रेलर आणि झाड, ट्रेलर आणि भिंत यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. चालवणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे : आरशातून माणूस गेला की ब्रेक. मुलं आणि कुत्री एका जागी, कुणा मोठ्याच्या ताब्यात. ही एक बाब आम्ही विनोदाने घेत नाही.

मागे घ्यायच्या आधी दोघांनीही खाली उतरून जागा पायाने फिरून बघा. दोन मिनिटं लागतात. खाली दगड, नळ, चर. कर्जतकडच्या बऱ्याच जागा भाताच्या खाचरात आहेत, तिथे बांध बघा. चाक बांधाच्या अलीकडेच असतं पण ट्रेलरचं मागचं टोक चाकाच्या पाच फूट मागे लोंबतं, ते टेकतं. आणि वर बघा. वर कुणीच बघत नाही. आमच्या ट्रेलरच्या छतावर हवेची खिडकी आहे आणि तिला जांभळाच्या फांद्यांचं फार वावडं आहे.

आता आत बसणाऱ्यासाठी थोडं. जागा शक्यतो अशी निवडा की ट्रेलर तुमच्या उजव्या बाजूला वळेल. काच खाली करून मान काढली की शेपूट दिसतं. डाव्या बाजूला वळवताना तुम्ही आंधळे असता आणि सगळा भार बाहेरच्यावर पडतो. जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोरून थोडं पुढे जा, जाता जाता गाडीचं नाक डावीकडे वळवा. शेपूट आपोआप जागेकडे तोंड करून थांबतं, निम्मं काम तिथेच होतं. मग एक हात स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहा असतात तिथे ठेवा. शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा. उलट-सुलट विचार करावाच लागत नाही. ट्रेलर वळायला लागला की लगेच स्टिअरिंग परत आणून त्याच्या मागोमाग जा. पहिल्यांदा सगळे इथे उशीर करतात. सरळ मागे घेताना ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागेल, त्या आरशाकडे स्टिअरिंग थोडंसं फिरवा. थोडंसं म्हणजे चार बोटं.

रिव्हर्स कॅमेऱ्यात फक्त ट्रेलरचा दांडा दिसेल. सेन्सर सतत कोकलेल, तो बंद करून ठेवा. काही नव्या गाड्या मागे अडथळा आहे असं समजून स्वतःच ब्रेक लावतात, तीही सोय तेवढ्यापुरती बंद करा. कशी ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, निघायच्या आधी बघून ठेवा.

आणि घडी. गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन वाढत वाढत काटकोनाकडे गेला की त्यापुढे मागे घेऊन तो कधीच सुटत नाही. स्टिअरिंग कुठेही फिरवा, घडी आणखी मिटते आणि ट्रेलरचा दांडा तुमच्या बंपरच्या कोपऱ्यात घुसतो. उपाय एकच : पुढे घ्या. एक गाडीभर पुढे जा, दोन्ही सरळ करा, पुन्हा सुरुवात करा. पुढे घेणं म्हणजे हार असं का वाटतं कोण जाणे. शेजारच्या तंबूतली माणसं चहाचे कप घेऊन बघत असतात म्हणून बहुधा. आमचा यार्डातला मुलगा रोज ट्रेलर लावतो, तोही दोन-तीनदा पुढे घेतो. बाहेरच्यालाही हा अधिकार द्या : कोन जास्त वाटला की एक शिट्टी, आणि हाताने "पुढे". त्यावर आतून वाद नको.

नवीन गिऱ्हाईक बहुधा आमचा बारा फुटी ट्रेलर मागतं, लहान म्हणजे सोपा असं समजून. ओढायला आणि घाटात वळायला तो खरंच सोपा. मागे घ्यायला मात्र सोळा फुटी बरा, कारण हुकापासून चाकापर्यंतचं अंतर जितकं कमी तितका ट्रेलर चटकन वळतो आणि चटकन घडी घालतो. मोठा सावकाश वळतो, सावरायला वेळ देतो. मोठ्याचं भाडं जास्त आहे म्हणून हे सांगत नाही. सरावाच्या वेळी दोन्ही मागे घेऊन बघा, मग ठरवा.

सरावाचा विषय निघालाच आहे तर, लोकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच : ट्रेलर देण्याआधी तुम्ही अर्धा तास का खाता, आणि चालवणाऱ्याबरोबर दुसऱ्यालाही यार्डात का बोलावता? अर्धा तास आम्ही पैसे न घेता देतो, त्यात आमचा एक माणूस अडकतो, तरीही आम्ही तो सोडणार नाही. एकट्या चालवणाऱ्याला शिकवून उपयोग नसतो. तो सगळं नीट ऐकतो आणि तिथे पोहोचल्यावर बाहेर उभी असते त्याची बायको, मेहुणा नाहीतर ऑफिसमधला मित्र, ज्यांना कुणी काहीच सांगितलेलं नसतं. मग सगळा राग त्यांच्यावर. नवरा-बायकोची जोडी असेल तर आम्ही दोघांनाही एकेकदा आत आणि एकेकदा बाहेर उभं करतो. पुष्कळदा असं दिसतं की बायको आत आणि नवरा बाहेर ही जोडी जास्त शांतपणे जमते. आजवर सगळ्यात सफाईने ट्रेलर लावून गेल्या त्या ठाण्याच्या नणंद-भावजय. दोघीही एकमेकींशी फार कमी बोलल्या.

उजेड असताना पोहोचा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रात्री अकराला पवनेच्या काठी ट्रेलर लावायचा बेत बहुतेकदा फसतो. आम्हाला येणारे रात्रीचे फोन बहुतांशी शुक्रवारचेच. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, हेही धरून चाला. शनिवारी पहाटे निघणार असाल तर ट्रेलर शुक्रवारी संध्याकाळीच ताब्यात घ्या, त्या रात्रीचं भाडं आम्ही लावत नाही. जून ते सप्टेंबर मुरूम किंवा खडी टाकलेली जागा असेल तरच ट्रेलर देतो. चिखलात रुतलेला ट्रेलर मागेही जात नाही आणि पुढेही.

जागेवर लागला की घाईने हूक सोडू नका. आधी डावी-उजवी पातळी बघा, गरज असेल तर खालच्या बाजूच्या चाकाखाली आम्ही दिलेली फळी घालून ट्रेलर तिच्यावर चढवा. हूक सोडल्यावर हे करता येत नाही. मग हँडब्रेक, चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे, पुढचं छोटं चाक खाली, आणि त्यानंतर वायरचा प्लग, साखळी, हूक. कोपऱ्यातले चार पाय फक्त हलू नये म्हणून आहेत, त्यांच्यावर ट्रेलर उचलू नका.

हे सगळं वाचूनही नको वाटत असेल, तर कर्जत, पवना आणि भंडारदरा इथे आम्ही ट्रेलर नेऊन, लावून, पातळीत ठेवून देतो आणि परत आणतो. दर यार्डातल्या फलकावर आहे. पण ज्यांनी एकदा स्वतः लावला, ते दुसऱ्या वेळी ही सोय घेत नाहीत.

सरावासाठी यार्ड शनिवार-रविवार सकाळी सातला उघडतं. शंकू मांडलेले असतात. दोघंही या, आणि जो बाहेर उभा राहणार आहे त्याने चपलांऐवजी बूट घालून यावं.