जेम्स गार्नर: दोन खटल्यांमधली एक कारकीर्द

२०२३ च्या उन्हाळ्यात हॉलिवूडचे लेखक आणि अभिनेते एकाच वेळी संपावर गेले, तेव्हा बातम्यांत एक साल वारंवार येत होते: १९६०. दोन्ही संघटना एकत्र संपावर असण्याची ती त्याआधीची शेवटची खेप. त्या वर्षाबद्दल जे लिहिले गेले ते बहुतेक संघटनांनी काय मिळवले आणि काय सोडले याबद्दल होते. त्याच संपाच्या आडून एका टीव्ही-नटाचा पगार बंद झाला होता, तो स्टुडिओविरुद्ध कोर्टात लढला आणि जिंकला, ही गोष्ट मात्र मागेच राहिली. तो नट जेम्स गार्नर. ‘मॅव्हरिक’, ‘द ग्रेट एस्केप’, ‘द रॉकफर्ड फाइल्स’ आणि अगदी उतारवयातला ‘द नोटबुक’ एवढी नावे सांगितली की चेहरा डोळ्यांसमोर येतो. त्याच्या सहज अभिनयाचे कौतुक सगळेच करतात. माझ्या मते त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी त्याचे खटले वाचावेत, कारण कोणती कामे मिळाली, कोणती सुटली आणि पैसे कुणाकडे गेले, हे सगळे तिथे उघडे पडते.

‘मॅव्हरिक’चा पहिला भाग २२ सप्टेंबर १९५७ ला दिसला. वॉर्नर ब्रदर्सने ही मालिका एबीसीसाठी केली होती. तेव्हा हे नेटवर्क तिघांत दुबळे होते. बंदूक काढण्यापेक्षा मागच्या दाराने सटकणे पसंत करणारा पत्तेबाज नायक वेस्टर्न मालिकांच्या त्या गर्दीत नवा होता. रविवारी संध्याकाळी समोर देशातले सर्वांत मोठे करमणुकीचे कार्यक्रम असूनही ‘मॅव्हरिक’ने त्यांचे प्रेक्षक ओढले. एक भाग चित्रित व्हायला आठवड्याहून जास्त दिवस लागत आणि दर आठवड्याला नवा भाग तर द्यायचाच होता. म्हणून नायकाला एक भाऊ दिला गेला आणि दोन तुकड्या आलटून पालटून काम करू लागल्या. स्टुडिओच्या पठडीतले हे गणित होते: नट ठरलेल्या पगारावर, मालिका लोकप्रिय झाली तरी पगार कराराप्रमाणेच. गार्नरचा सुरुवातीचा पगार आठवड्याला ५०० डॉलर होता.

हिशेबाच्या बाबतीत स्टुडिओ किती सावध होता, याचा एक पुरावा पहिल्या भागातच आहे. मालिका ज्याने कल्पिली त्या लेखक-निर्मात्याला जनक म्हणून श्रेय दिले असते तर दर भागामागे मानधन द्यावे लागले असते. म्हणून स्टुडिओने आपल्या मालकीच्या एका जुन्या पुस्तकावर बेतलेला भाग आधी दाखवला आणि मालिका त्यातूनच निघाली असे कागदोपत्री ठरवले. तो निर्माता दोन हंगामांनंतर बाहेर पडला. पुढे गार्नरच्या आयुष्यात तो पुन्हा येतो, ते बरोबर दीड दशकाने.

आता १९६०. लेखकांचा संप १६ जानेवारीला सुरू झाला आणि १२ जूनपर्यंत चालला. मुख्य मागणी होती ती टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या कामाच्या मोबदल्याची, म्हणजे आज ज्याला सगळे रेसिड्युअल म्हणतात त्याची. मार्चमध्ये चित्रपट-अभिनेतेही संपात उतरले. त्यांच्या संघटनेचा तेव्हाचा अध्यक्ष पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. दीडेक महिन्यात त्यांची तडजोड झाली: १९६० नंतरच्या चित्रपटांना टीव्हीवरच्या प्रदर्शनाचे पैसे, आणि त्याआधीच्या सगळ्या कामावर पाणी सोडून त्याबदल्यात निवृत्तिवेतन व आरोग्याच्या निधीसाठी २२.५ लाख डॉलर. जुन्या नटांना ही तडजोड शेवटपर्यंत सलत राहिली.

वॉर्नरने या काळात गार्नरला कळवले की लेखक संपावर आहेत, पटकथा नाहीत, त्यामुळे करारातल्या आपत्तीच्या कलमाखाली तुमचे काम आणि पगार दोन्ही स्थगित. असे कलम त्या काळच्या जवळपास प्रत्येक करारात असे. आग, पूर, युद्ध, संप अशा कारणाने निर्मिती ठप्प झाली तर स्टुडिओने पगार थांबवावा. पण नट मात्र बांधलेलाच, दुसरीकडे काम करायला मोकळा नाही. दिसायला साधे कलम. प्रश्न एवढाच होता की निर्मिती खरोखर ठप्प झाली होती का.

गार्नरने उत्तर दिले की तुम्ही पगार थांबवलात म्हणजे करार तुम्हीच मोडलात, आणि आता मी मोकळा आहे. हे बोलणे सोपे नव्हते. त्याच स्टुडिओच्या दुसऱ्या वेस्टर्न मालिकेचा नायक १९५८ मध्ये असाच भांडून बाहेर पडला होता आणि शेवटी परत आला होता. १९४४ मध्ये याच स्टुडिओविरुद्ध एका प्रख्यात अभिनेत्रीने मिळवलेल्या निकालाने कॅलिफोर्नियात सात वर्षांपलीकडे कुणाला करारात अडकवता येणार नाही हे पक्के झाले होते, स्थगितीचे दिवस करारात मागाहून जोडण्याची युक्तीही त्या निकालाने संपली होती. पण तो निकाल जिंकताना त्या अभिनेत्रीला दोन वर्षे पडद्यापासून दूर राहावे लागले होते. गार्नरला हे सगळे माहीत असणार. त्याच्या हातात एक लोकप्रिय मालिका होती, घरी बायको आणि मुली होत्या, आणि चित्रपटातला नायक म्हणून अजून भक्कम नाव नव्हते.

कोर्टात स्टुडिओची बाजू पटकथांवर येऊन कोसळली. संपाच्या काळातही मालिका बनत होत्या हे लपवण्यासारखे नव्हते. एका मालिकेची जुनी कथा उचलायची, गावे-नावे बदलायची आणि दुसऱ्या मालिकेत वापरायची, असे सर्रास चालले होते. अशा भागांवर लेखकाचे नाव म्हणून ‘डब्ल्यू. हर्मानोस’ असे झळके. हर्मानोस म्हणजे स्पॅनिशमध्ये भाऊ. लेखकांचा संप सुरू असताना वॉर्नर बंधूंनी स्वतःलाच लेखक करून टाकले होते आणि ते नाव दर आठवड्याला पडद्यावर छापून येत होते. पटकथा नाहीत म्हणून एका नटाचा पगार बंद करायचा आणि त्याच वेळी पटकथांचा रतीब चालू ठेवायचा, हे न्यायाधीशांना पटले नाही. डिसेंबर १९६० मध्ये निकाल गार्नरच्या बाजूने लागला. स्टुडिओ अपिलात गेला, तिथेही १९६१ मध्ये हरला. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आजही ‘वॉर्नर ब्रदर्स विरुद्ध बमगार्नर’ असा सापडतो. बमगार्नर हे त्याचे घरचे आडनाव. स्टुडिओने श्रेयनामावलीत त्याला न विचारता ते छाटले होते.

या निर्णयावर तेव्हा आणि नंतरही वाद झाला. स्टुडिओच्या बाजूने बोलणारे म्हणत की गार्नरला चित्रपटांत जायचेच होते, संप हे त्याला आयते मिळालेले निमित्त. त्याला चित्रपट करायचे होते हे खरेच आहे. पण निमित्त शोधणाऱ्याला ते कोण देते, हाही प्रश्न विचारायला हवा. पगार थांबवण्याचे पत्र स्टुडिओनेच पाठवले होते. संपात लेखकांवर दबाव आणायचा तर त्याची किंमत नटांच्या पगारातून वसूल करायची, हा व्यवहार त्याने मान्य केला नाही, इतकेच. ‘मॅव्हरिक’ त्याच्याविना चालू राहिली, एक चुलतभाऊ आणला गेला (पुढे तोच नट जेम्स बाँड झाला), पण १९६२ मध्ये ती संपली.

हा हट्ट आला कुठून, याचे उत्तर काही लोक त्याच्या बालपणात शोधतात. ७ एप्रिल १९२८ ला ओक्लाहोमातल्या नॉर्मनमध्ये जन्म, आईकडून चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीचे रक्त, आई लहानपणीच गेली, सावत्र आईचा मार खाल्ला आणि चौदाव्या वर्षी घर सुटले. सोळाव्या वर्षी व्यापारी जहाजावर नोकरी, मग कोरियाचे युद्ध. तिथे तो दोनदा जखमी झाला. दुसऱ्या वेळी आपल्याच विमानांच्या माऱ्यात. त्या जखमेचे पदक मात्र त्याला १९८३ मध्ये मिळाले. अभिनयाचे रीतसर शिक्षण नाही. १९५४ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका कोर्टरूम नाटकात त्याला एकही वाक्य नसलेली न्यायाधीशाची भूमिका मिळाली. रोज रात्री गप्प बसून कसलेल्या नटांचे ऐकायचे, एवढेच काम. ऐकणे हाच पुढे त्याच्या अभिनयाचा कणा झाला. समोरचा बोलत असताना गार्नरच्या चेहऱ्यावर जे चालते ते पाहावे.

साठचे दशक चित्रपटांचे. १९६३ मध्ये ‘द ग्रेट एस्केप’, १९६४ मध्ये ‘द अमेरिकनायझेशन ऑफ एमिली’ (हा त्याचा स्वतःचा आवडता), १९६६ मध्ये ‘ग्राँ प्री’, ज्यात शर्यतीची गाडी तो स्वतः चालवतो. ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्चात हॉलिवूडची जी तुकडी गेली तिच्यात तो होता. याच काळात त्याने स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि तिला नाव दिले चेरोकी.

दुसरी लढाई ‘द रॉकफर्ड फाइल्स’ची. १९७४ ते १९८० असे सहा हंगाम. तुरुंगात जाऊन आलेला, किनाऱ्यावरच्या ट्रेलरमध्ये राहणारा, फीसाठी अशिलांच्या मागे फिरावे लागणारा खासगी गुप्तहेर. ‘मॅव्हरिक’चा तो निर्माता इथे सहजनक म्हणून पुन्हा आला. १९७७ चे एमी (अमेरिकन टीव्हीचे मोठे पारितोषिक) गार्नरला याच भूमिकेसाठी मिळाले. मारामारीची बरीच दृश्ये तो स्वतः करी आणि त्याची किंमत गुडघ्यांनी, पाठीने आणि पोटातल्या अल्सरने वसूल केली. सहावा हंगाम अर्ध्यावर थांबला तो त्याच्या तब्येतीमुळे.

या मालिकेच्या करारात त्याला निव्वळ नफ्यात वाटा होता, आणि सगळा गुंता या ‘निव्वळ’ शब्दात आहे. अमेरिकेत नेटवर्क एका भागासाठी जी रक्कम देते ती बहुधा खर्चापेक्षा कमी असते. तूट स्टुडिओ भरतो. मालिका पुरेशी चालली की तिचे भाग गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकले जातात, आणि खरा पैसा तिथून येतो. कागदावर हे न्याय्य दिसते: आधी तूट भरून निघेल, मग उरलेल्यात वाटा. पण विक्रीच्या प्रत्येक डॉलरमधून स्टुडिओ आधी वितरणाची टक्केवारी कापतो, आणि वितरक तोच असतो. खर्चावर व्यवस्थापनाची टक्केवारी चढवतो. भरलेल्या तुटीवर व्याज लावतो. व्याजामुळे तूट वाढते, वाढलेल्या तुटीवर पुन्हा व्याज. वही सावकाराकडे आणि बेरीज कुळाने मान्य करायची, असा हा प्रकार. मालिका वर्षानुवर्षे देशभर दिसत राहते आणि हिशेबात ती तोट्यातच असते. ढोबळ उत्पन्नावर वाटा मिळवू शकणारे मोजके तारे सोडले तर बाकी सगळ्यांना निव्वळ नफाच मिळे, म्हणजे बहुतेकदा काहीच मिळत नसे.

जुलै १९८३ मध्ये गार्नरने ‘रॉकफर्ड’ बनवणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओवर १ कोटी ६५ लाख डॉलरचा दावा लावला. आरोप करारभंगाचा होता आणि फसवणुकीचाही. सहा वर्षे हे प्रकरण चालले. त्यात १९८८ मध्ये त्याच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. १९८९ मध्ये कोर्टाबाहेर समझोता झाला. रक्कम उघड करायची नाही ही त्यातली अट होती, आणि त्याने ती पाळली.

इथे त्याच्यावर टीका होते: निकाल लागला असता तर सगळ्याच नटांना त्याचा आधार मिळाला असता, त्याऐवजी त्याने बंद पाकिटात पैसे घेतले. टीकेत तथ्य आहे. १९६१ च्या निकालासारखा दाखला या खटल्यातून उभा राहिला नाही. पण साठी ओलांडलेल्या, नुकत्याच शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाने आणखी काही वर्षे अपिलांत घालवायला हवी होती, असे मी म्हणणार नाही. शिवाय स्टुडिओने समझोता केला यातच त्या वहीबद्दल पुरेसे काही कळते. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, दुसऱ्या एका स्टुडिओविरुद्धच्या खटल्यात कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशाने निव्वळ नफ्याच्या अशाच सूत्रातली काही कलमे अन्याय्य ठरवली.

भांडखोर म्हणून काम मिळणे बंद होते, हा समज गार्नरने खोटा ठरवला. खटला चालू असतानाच ‘मर्फीज रोमान्स’साठी त्याला ऑस्करचे एकमेव नामांकन मिळाले. ‘प्रॉमिस’ या १९८६ च्या टीव्ही-चित्रपटाचा निर्माता म्हणून दुसरे एमी आले. नव्वदच्या दशकात ‘रॉकफर्ड’चे टीव्ही-चित्रपटही निघाले, ते वेगळ्या नेटवर्कवर. २००४ मध्ये ‘द नोटबुक’ आला, आणि पुढच्या वर्षी अभिनेत्यांच्या संघटनेने त्याला जीवनगौरव दिला. १९ जुलै २०१४ ला लॉस एंजेलिसमध्ये, ८६ व्या वर्षी तो गेला.

वाद मात्र थांबला नाही. २०१९ मध्ये ‘बोन्स’ या गुन्हेकथा-मालिकेच्या नायक-नायिकेसह चौघांच्या तक्रारीवर लवादाने सुमारे १७.९ कोटी डॉलरचा निवाडा दिला. तक्रार ओळखीची होती: स्टुडिओने मालिका आपल्याच समूहातल्या कंपन्यांना कमी दरात विकली आणि नफा आकसला. त्यातला दंडाचा मोठा भाग नंतर कोर्टाने रद्द केला आणि शेवटी तिथेही समझोता झाला. स्ट्रीमिंगमध्ये तर गावोगावच्या वाहिन्यांना विक्री हा टप्पाच बहुधा उरला नाही. बनवणारा आणि दाखवणारा एकच. २०२३ च्या करारात लेखकांनी जास्त पाहिल्या जाणाऱ्या मालिकांसाठी वेगळी रक्कम मिळवली. पहिल्या ९० दिवसांत त्या स्ट्रीमिंग सेवेच्या देशातल्या २० टक्के वर्गणीदारांइतके दर्शक मिळाले तर ती लागू होते. ते किती जणांनी पाहिले हे कंपन्याच मोजतात, आणि पाहण्याच्या तासांचे आकडे संघटनेला मिळतात ते गोपनीयतेच्या अटीवर.