मालकाची सुरक्षा-जबाबदारी

कामावरच्या माणसाला इजा होऊ नये म्हणून काम देणाऱ्याने घ्यायची काळजी, आणि ती न घेतल्यास गळ्यात पडणारी भरपाई. कामामुळे होणाऱ्या आजारांवर रामाझिनी या इटालियन डॉक्टरने १७०० सालीच लिहिलं होतं, पण मालकाला कोर्टात खेचायची गोष्ट बरीच नंतरची.

ती नेमकी कुठून सुरू झाली यावर वाद आहे. बहुतेक जण इंग्लंडमधल्या १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर खटल्याकडे बोट दाखवतात. प्रीस्टली हा खाटकाकडे कामाला असलेला पोऱ्या, मालाने खचाखच भरलेली गाडी मोडली, मांडीचं हाड मोडलं, ज्युरीने १०० पाउंड मंजूर केले आणि वरच्या कोर्टाने ते रद्द केले. सहकामगाराच्या चुकीला मालक जबाबदार नाही हा नियम इथूनच आला असं जुने लेखक सांगतात. पण निकालात सहकामगारांची उदाहरणं आहेत, नियम म्हणून तो नीट मांडलेला नाही. म्हणून त्या नियमाची सुरुवात अमेरिकेतल्या १८४२ च्या फारवेल खटल्यापासून धरणं जास्त बरोबर वाटतं. त्यात रुळाचा सांधा दुसऱ्या कामगाराने चुकीचा ठेवला, इंजिन घसरलं, ड्रायव्हरचा हात गेला, आणि न्यायमूर्ती शॉ म्हणाले की जोखमीचे पैसे पगारातच धरलेले असतात. (पगार ठरवताना किती जणांना घासाघीस करता येत होती, हा प्रश्न निराळा.)

जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विमा आणला, त्यात चूक कोणाची हे बघायची गरजच उरली नाही. ब्रिटनमध्ये सहकामगाराचा नियम कायद्याने गेला तो थेट १९४८ मध्ये. त्याआधी १९३७ मध्ये कोळसा खाणीच्या एका खटल्यात ठरलं होतं की लायक माणसं, धड साधनं आणि कामाची सुरक्षित पद्धत देणं ही मालकाची स्वतःची जबाबदारी, मॅनेजर नेमला म्हणून ती सुटत नाही.

प्रत्यक्षात आधी धोकाच काढायचा, नाही जमलं तर मशीनला गार्ड, मग नियम, आणि हेल्मेट-हातमोजे सगळ्यात शेवटी. बऱ्याच ठिकाणी सुरुवातच हेल्मेटपासून होते. मशीन रिपेअरला घेताना मेन स्विच बंद करून प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं, चावी ज्याच्या त्याच्या खिशात, म्हणजे आत हात असताना दुसरा कोणी चालू करू शकत नाही. कुलपं पुरवणं आणि त्यासाठी काम थांबू देणं मालकाकडेच येतं.

कामावरच्या सुरक्षेबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १५५ क्रमांकाचा करार १९८१ चा, २०२२ पासून तो मूलभूत करारांत धरतात. ॲपवरून मिळणाऱ्या कामात मुळात मालक कोण यावरच अजून देशोदेशी खटले चालतात.