आग एकच, सुटका दोनदा

कमीत कमी कट (एक दृश्य तोडून त्याला दुसरं जोडणं) घेणारं ते वास्तववादी संकलन आणि गोष्ट सुरळीत पुढे जावी म्हणून कट घेणारं ते अभिजात, अशी विभागणी सिनेमाच्या वर्गात शिकवतात. पण ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या, तेव्हा कटच नव्हता. कॅमेरा रोवायचा, हँडल फिरवायचं, मिनिटभराच्या आत फिल्म संपायची. यात वास्तववादी की अभिजात, हा वाद कसला? तेवढंच जमत होतं.

खरी गंमत १९०३ च्या ‘लाइफ ऑफ अ‍ॅन अमेरिकन फायरमन’मध्ये आहे. एडिसन कंपनीच्या एडविन पोर्टरने आगीतली सुटका आधी खोलीच्या आतून दाखवली: जवान येतो, बेशुद्ध बाईला खिडकीतून खाली नेतो, परत येऊन मुलाला नेतो. मग तीच सुटका बाहेरून, पहिल्यापासून. वाचलेली बाई खिडकीत पुन्हा मदत मागताना दिसते! पुढे आतबाहेर आलटून पालटून कट केलेली एक प्रत सापडली आणि समांतर संकलनाचं, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी घडणाऱ्या गोष्टी आलटून पालटून दाखवण्याचं, श्रेय बरेच दिवस पोर्टरला मिळत राहिलं. ती जुळणी नंतर कुणीतरी केलेली होती. कॉपीराइटसाठी अमेरिकेत चित्रपटाच्या कागदी छापील प्रती जमा करत. तिथल्या प्रतीत सुटका दोनदाच आहे. आपल्याला खटकणारी ही पुनरावृत्ती तेव्हाच्या प्रेक्षकाला खटकत नसावी.

१९०९ च्या ‘द लोनली व्हिला’त अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ दरोडेखोर, घरात अडकलेली आई-मुली आणि धावत निघालेला बाप यांच्यात कट करत राहतो. हे तंत्र त्याच्या नावावर खपतं, पण फ्रान्सच्या पाथे कंपनीने ते आधीच वापरलं होतं. ग्रिफिथने त्याची सवय लावली. १९१७ च्या सुमारास हॉलीवूडमध्ये गोष्ट पुढे नेण्यासाठी कट घेण्याची ही अभिजात रीत पक्की झाली.

न कापणं ही भूमिका ठरली ती यानंतर. रॉबर्ट फ्लाहर्टीच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या माहितीपटात (१९२२) नानूक हा इन्युइट शिकारी बर्फातल्या भोकापाशी सीलची वाट पाहतो. ती वाट पाहणं छाटलं नाही, याचंच फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँना मोल वाटलं. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. कट टाळला म्हणून समोरचं सगळं आपसूक घडलेलं, असं नव्हे: याच चित्रपटात आतल्या दृश्यांसाठी उजेड पुरेना, म्हणून एक बाजू उघडी ठेवलेलं इग्लू (बर्फाचं घर) मुद्दाम बांधून घेतलं होतं.