आयएसओ उतरली, आता राइट करण्याआधी चेकसम जुळवा

सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली की राउटर बंद पडतो आणि लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची सुमारे तीन जीबीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या इन्स्टॉल डिस्कची एकच फाइल, अर्ध्यात तुटते. वीज आल्यावर उरलेलं डाउनलोड पूर्ण झालेलं दिसलं, तरी आतला डेटा शाबूत आहे याची हमी ब्राउझर देत नाही. तशीच डीव्हीडी राइट केली तर खोट कळते ती इन्स्टॉल चालू असताना, म्हणजे जुनं पार्टिशन फॉरमॅट होऊन गेल्यावर.

आधी फाइलचा आकार मूळ फाइलच्या आकाराशी बाइटमध्ये ताडून बघा. कमी भरला तर डाउनलोड अपुरं आहे, विषय संपला. जुळला तर एसएचए-२५६ पद्धतीने चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून गणिताने निघणारी ओळखखूण, काढा आणि प्रकल्पाने जाहीर केलेल्या चेकसमशी ताडा. यात फाइलचा प्रत्येक बिट वाचला जातो आणि २५६ बिटांचं उत्तर येतं, ते ० ते ९ आणि ए ते एफ अशा ६४ चिन्हांत लिहितात. चादरीच्या जॅकार्डच्या पुठ्ठ्यात एक भोक चुकलं तर नक्षीत तेवढीच जागा बिघडते, ती शोधावी लागते. इथे एक बिट फिरला तरी उत्तरातले साधारण निम्मे बिट बदलतात. तरीही सगळी ६४ चिन्हं जुळवा, कारण सुरुवातीची चार-पाच मुद्दाम जुळवून आणणं अवघड नाही.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, मग हायफन लावून हॅशफाइल, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. शेवटचा शब्द राहिला तर एसएचए-१ या दुसऱ्या पद्धतीचा चेकसम निघतो आणि ४० चिन्हं येतात. तेवढ्यावरून फाइल खराब समजू नका. लिनक्सवर एसएचए२५६सम ही कमांड आहे.

ताडायचा चेकसम मात्र मिररवरून (फाइलची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) घेऊ नका, मूळ प्रकल्पाच्या साइटवरून घ्या. तेवढ्यानेही पूर्ण भागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची साइटच हॅक झाली आणि डाउनलोडची लिंक बॅकडोअर (घुसखोरासाठी चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे वळवली गेली. साइट ज्याच्या हातात, तो चेकसमही बदलू शकतो. म्हणून चेकसमच्या फाइलवरची जीपीजी सही (प्रकल्पाने आपल्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही) तपासावी, हे आमचं आग्रहाचं सांगणं आहे. एमडी५ या जुन्या चेकसम पद्धतीवर विसंबू नका. एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे २००४ मध्येच सिद्ध झालंय.

चेकसम जुळला नाही तर सगळी फाइल पुन्हा उतरवून डेटा पॅक संपवू नका. त्याच आयएसओचा टॉरेंट (फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याची सोय) घ्या, टॉरेंटच्या प्रोग्रॅमला म्हणजे क्लायंटला जुनी फाइल दाखवा आणि रीचेक करा. फक्त खराब तुकडे नव्याने येतात. एकाच फाइलचा चेकसम दोनदा काढून दोन वेगळी उत्तरं आली, तर बहुधा रॅम खराब आहे. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा.

साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं, विंडोज तेच ४.३८ दाखवतं. फाइल ओढून टाकू नका, ‘डिस्क इमेज बर्न’ निवडा, वेग ४ एक्स ठेवा. राइट झाल्यावर डिस्क परत वाचून चेकसम काढताना आयएसओच्या बाइटमधल्या आकाराला २०४८ ने भागून तेवढेच सेक्टर (डिस्कवरचे २०४८ बाइटचे कप्पे) वाचा. शेवटी भरलेले रिकामे सेक्टर मोजणीत आले, तर चांगली डिस्कही चुकीची ठरते.