मनोरुग्ण परिचर्येचे अध्यापन (कोकण)

मानसिक आजार असलेल्या व्यक्तींची शुश्रूषा परिचारिकांना शिकवणे आणि त्या शुश्रूषेवर संशोधन करणे, असे या व्यवसायाचे दुहेरी स्वरूप आहे. परिचर्येची चार वर्षांची बी.एस्सी. पदवी, नोंदणी आणि वॉर्डातला अनुभव यांनंतर मानसिक आरोग्य हा विषय घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. केली जाते. पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर), सहायक प्राध्यापक अशा पायऱ्या चढत ही वाट प्राचार्यपदापर्यंत जाते.

या विद्याशाखेची बैठक अमेरिकन परिचारिका-अध्यापिका हिल्डगार्ड पेप्लाऊ (१९०९–१९९९) यांनी घातली. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन होय, ही मांडणी करणारे त्यांचे पुस्तक १९५२ मध्ये निघाले. हस्तलिखित त्याआधी काही वर्षे तयार होते. परंतु सहलेखक म्हणून डॉक्टरचे नाव नसल्याने ते अडून राहिले.

कोकणात रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, तर ठाण्याचे १९०१ पासून. वॉर्डातील पोस्टिंगवर आलेल्या विद्यार्थिनीची पहिली भीती मारहाणीची असते, आणि ती दोनचार दिवसांत ओसरते. खरी अडचण त्यानंतर येते, ती म्हणजे बोलायचे काय. यासाठी ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ लिहून घेतात : एका रकान्यात रुग्णाचे शब्द, दुसऱ्यात विद्यार्थिनीचे, तिसऱ्यात तिच्या मनात त्या वेळी आलेले. ‘माका घराक जावचा आसा’ असे रुग्ण म्हणतो आणि ‘हो, लवकरच जाल’ असे उत्तर जाते, तेव्हा अध्यापिका त्याखाली रेघ मारते, कारण हा पोकळ दिलासा आहे. ‘घरी कोण कोण असतं?’ असे विचारले असते तर संवाद पुढे सरकला असता. हातातले काम शिकवणे त्या मानाने सोपे. विद्युत-आघात उपचार भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याखेरीज करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे. त्यामुळे उपाशी ठेवणे, कवळी काढणे, संमतीपत्र पाहणे ही तयारी ठरलेल्या क्रमाने पाठ होते.

संशोधनात पूर्वचाचणी, नियोजित पाठ आणि उत्तरचाचणी हाच साचा इतका रुळला आहे की एकीचा प्रबंध दुसरीच्या नावावरही खपून जावा. मोलाचे काम इतरत्र पडून आहे. उदासीनता मोजणाऱ्या इंग्रजी प्रश्नावल्या मराठीत आणताना भाषांतर करतात, ते दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत उलटवून मुळाशी ताडून पाहतात. तरीही ‘उदास’ या शब्दाला ‘नाही’ म्हणणारी बाई ‘काळीज धडधडता’, ‘अन्न गोड लागत नाय’ असे आपण होऊन सांगते. देवाला गाऱ्हाणे घालून, भगताकडे (मांत्रिकाकडे) जाऊन मगच दवाखान्यात येणारी कुटुंबे हाही असाच विषय आहे. ‘आधी कुठे दाखवलंत?’ हा प्रश्न न हसता, न रागावता विचारायला शिकवणे अध्यापिकेकडेच येते, कारण नाव नोंदवण्यापासून पहिली गाठ बहुधा सिस्टरशी पडते.